इनटेकवर मासे मोजायचे कसे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात वीज केंद्रं कूलिंगसाठी नदी-समुद्रातून पाणी कसं ओढतात यावर छोटा लेख होता, त्यात शेवटी मी एवढंच लिहिलं होतं की या पाण्याबरोबर मासेही ओढले जातात आणि त्यांचा नीट हिशोब फार कमी ठिकाणी ठेवला जातो. त्या एका वाक्यावर एवढे प्रश्न आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, कुणाचा राहिला असेल तर पुढच्या वेळी घेऊ.

प्रश्न : ताई, मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी आहे. वीज केंद्रात मासे नक्की मरतात कशाने, गरम पाण्याने की पंपात सापडून? इम्पिंजमेंट आणि एन्ट्रेनमेंट असे दोन शब्द सगळीकडे दिसतात, त्यातला फरक सोप्या भाषेत सांगाल का?

सांगते ना. पाणी आत येतं त्या तोंडाला इनटेक म्हणतात, तिथे आधी जाड सळयांची कचरा-जाळी असते, ओंडके वगैरे अडवायला, आणि तिच्या मागे बारीक जाळीची फिरती चाळणी, जिला प्लांटवर सगळे ट्रॅव्हलिंग स्क्रीनच म्हणतात. तिची भोकं बऱ्याच ठिकाणी साडेनऊ-दहा मिलिमीटरची असतात. जो मासा त्या भोकातून जाऊ शकत नाही आणि पाण्याच्या ओढीला उलटा पोहून सुटूही शकत नाही तो जाळीला चिकटून बसतो, कल्ले हलवता येत नाहीत, खवले निघतात, दमतो आणि गुदमरतो. हे झालं इम्पिंजमेंट. आणि जे भोकापेक्षा लहान आहे, म्हणजे माशांची अंडी, अंड्यातून नुकतेच निघालेले जिरे, कोळंबी-खेकड्यांची पिल्लं, ते सगळं जाळीतून आरपार जातं, पंपाच्या पात्यांमधून, मग कंडेन्सरच्या, म्हणजे टर्बाइनमधून आलेली वाफ थंड करणाऱ्या यंत्राच्या नळ्यांमधून, जिथे एकदम दाब बदलतो, पाणी पटकन आठ-दहा अंशांनी तापतं आणि नळ्यांत शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून क्लोरीनही सोडलेलं असू शकतं. हे एन्ट्रेनमेंट. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, नियम करताना धरलंय की असं आत गेलेलं काहीच जिवंत बाहेर येत नाही. काही चिवट जाती काही प्रमाणात वाचतात असे अभ्यास आहेत, पण ते त्या-त्या ठिकाणी दाखवून द्यावं लागतं, नुसतं गृहीत धरता येत नाही.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की एकट्या गरम पाण्याने नाही, धक्का, दाब, उष्णता, रसायन सगळं एकामागोमाग काही मिनिटांत येतं. आणि संख्येने बघितलं तर आरपार गेलेले जीव जाळीवर अडकलेल्यांपेक्षा कितीतरी पट जास्त असतात, फक्त ते डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून रजिस्टरमध्येही दिसत नाहीत. मला या सगळ्या विषयात सर्वात जास्त खटकणारी गोष्ट हीच आहे, कारण ज्याची नोंद नाही त्याबद्दल पुढे कुणी भांडूही शकत नाही.

प्रश्न : मी एका वीज केंद्रात पंप हाऊसला आहे. आमच्याकडे स्क्रीन धुतली की टोपलीत कचऱ्याबरोबर जे मासे पडतात ते शिफ्टच्या शेवटी वजन करून वहीत लिहितो, ‘मासे १२ किलो’ असं. वरिष्ठ म्हणतात हेच मॉनिटरिंग. एवढं पुरतं का?

पहिलं म्हणजे तुम्ही वही ठेवता हेच चांगलं आहे, खूप ठिकाणी टोपली थेट कचऱ्यात जाते. पण नाही, एवढं पुरत नाही, आणि का ते जरा सविस्तर लिहिते कारण थोडे बदल केले तर तुमची हीच वही खूप कामाची होऊ शकते.

१२ किलो म्हणजे काय? तीन मोठे मासे का चार हजार बोटुकली? माशांच्या साठ्याच्या दृष्टीने दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून जात, संख्या आणि लांबी या तीन गोष्टी लागतात, वजन त्यानंतर. खूपच मासे आले तर सगळे मोजायची गरज नाही, नीट मिसळून त्यातला ठरलेला भाग मोजायचा आणि किती भाग मोजला ते लिहायचं. हे लिहायचं राहिलं तर ती नोंद वाया गेली असं समजा, कारण नंतर कुणालाच कळत नाही की आकडा पूर्ण टोपलीचा होता का पावभर टोपलीचा.

दुसरं, आणि हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, त्या वेळात पाणी किती ओढलं? समजा तुमचे चार पंप आहेत, प्रत्येकी सेकंदाला १२ घनमीटरचे. एका दिवशी चारही चालू होते आणि २०० मासे मिळाले, दुसऱ्या दिवशी दोनच चालू होते आणि १५० मिळाले. वहीत पहिला दिवस वाईट दिसतो. पण चार पंपांनी दिवसात साधारण ४१ लाख ४७ हजार घनमीटर पाणी ओढलं आणि दोन पंपांनी त्याच्या निम्मं, म्हणजे दहा लाख घनमीटरमागे पहिल्या दिवशी ४८ मासे आणि दुसऱ्या दिवशी ७२. खरा वाईट दिवस दुसरा होता, त्या दिवशी बाहेर माशांची दाटी जास्त होती किंवा मासे मलूल होते, काहीतरी घडत होतं. पंपांचे तास तुमच्या कंट्रोल रूमच्या लॉगमध्ये आधीच असतात, ते फक्त माशांच्या वहीत आणायचेत.

तिसरं, मोजणी सुरू करायच्या आधी स्क्रीन पूर्ण धुऊन रिकामी करा, वेळ लिहा, आणि मग बरोबर २४ तासांचं जे जमेल तेच मोजा, कारण आदल्या दिवशीचे मेलेले मासे आजच्या हिशोबात आले की सगळंच गडबडतं. २४ तास यासाठी की बऱ्याच जाती रात्री जास्त सापडतात, रात्री त्यांना जाळी दिसत नाही आणि काही जाती रात्रीच वर येतात, त्यामुळे फक्त दिवसपाळीची मोजणी जवळपास नेहमी कमी आकडा दाखवते. समुद्राकाठी असाल तर भरती-ओहोटीची वेळ पण टाका. पाण्याचं तापमान, विरघळलेला ऑक्सिजन, पाणी किती गढूळ, टोपलीत कचरा किती, हे चार कॉलम वाढवा.

चौथी गोष्ट सहसा कुणी करत नाही पण करायलाच हवी. जाळीवर अडकलेला प्रत्येक मासा टोपलीपर्यंत पोचत नाही, काही सडून तुकडे होतात, काही जाळी वर येताना परत खाली पडतात, काही बाजूच्या फटीतून आत जातात. हे किती होतं ते कळायला सोपी युक्ती आहे, मेलेल्या माशांना रंग लावून ठरलेली संख्या स्क्रीनच्या पुढच्या पाण्यात सोडायची आणि टोपलीत किती परत येतात ते बघायचं. १०० सोडले, ६० परत आले, तर तुमची पकड ६० टक्के, आणि मग मोजलेल्या संख्येला ०.६ ने भागायचं. लहान आणि मोठ्या माशांसाठी वेगवेगळं करा, लहान नेहमीच जास्त निसटतात.

आणि शेवटचं, महिन्यातून एक दिवस मोजून त्यावरून अख्ख्या वर्षाचा आकडा काढू नका. जाळीवर मासे रोज थोडे-थोडे सारखे येत नाहीत, एखाद्या रात्री अख्खा थवा येतो, थंडीची लाट आली की तारलीच्या कुळातले काही मासे गार पाण्यात अर्धमेले होऊन ढिगाने वाहत येतात, आणि वर्षाच्या एकूण आकड्याचा मोठा हिस्सा अशा मोजक्या दिवसांचा असू शकतो. म्हणून ठरलेल्या तारखांची मोजणी वेगळी आणि अचानक आलेल्या लोंढ्याची नोंद वेगळी ठेवायची, दोन्ही वहीत हव्यात पण सरासरी काढताना एकमेकांत मिसळायच्या नाहीत. आणि तारखा आधीच ठरवायच्या, आज मासे कमी दिसतायत म्हणून आज मोजू किंवा आज खूप आहेत म्हणून उद्या मोजू असं व्हायला लागलं की आकड्याला अर्थ उरत नाही.

प्रश्न : अंडी आणि जिरे जाळीतून आरपार जातात म्हणता, मग ते मोजणार कसे? सगळं पाणी तर गाळता येत नाही.

बरोबर, सगळं गाळता येत नाही, म्हणून नमुना घ्यावा लागतो आणि इथेच सगळी गंमत आणि सगळी भांडणं आहेत.

आधी पाण्याचा अंदाज घ्या. १००० मेगावॉटचं अणुकेंद्र वीज बनवताना साधारण २००० मेगावॉट उष्णता पाण्यात टाकतं. पाणी १० अंशांनी तापू द्यायचं म्हटलं तर सेकंदाला ४८ घनमीटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे दिवसाला तेच ४१ लाख घनमीटर. आता इनटेकपाशी बारीक जाळं धरून किंवा छोट्या पंपाने पाणी खेचून तुम्ही १०० घनमीटर पाणी गाळलं आणि त्यात एका जातीचे ३ जिरे मिळाले. घनमीटरमागे ०.०३, गुणिले ४१ लाख ४७ हजार, म्हणजे दिवसाला सुमारे १ लाख २४ हजार. फक्त तीन जिऱ्यांवरून! आणि तीन हा आकडा योगायोगाने एकही असू शकला असता किंवा सातही, नुसता संख्याशास्त्राचा विचार केला तरी खरा आकडा २५ हजार ते ३ लाख ६० हजार यामध्ये कुठेही असू शकतो. म्हणून ज्या अहवालात ‘दररोज १,२४,४१६ जिरे’ असा शेवटच्या आकड्यापर्यंत नेमका हिशोब असतो आणि खालची-वरची मर्यादा दिलेली नसते, तो मी जपून वाचते.

उपाय एकच, जास्त पाणी गाळा आणि जास्त वेळा गाळा. शितावरून भाताची परीक्षा होते कारण भात एकाच पातेल्यात शिजतो, नदीचं पाणी तसं नसतं, जिरे पुंजक्यांनी येतात, वरच्या थरात वेगळे, तळाशी वेगळे, दिवसा वेगळे, रात्री वेगळे. म्हणून २४ तासांत दर काही तासांनी नमुना, वेगवेगळ्या खोलीवर, आणि विणीच्या हंगामात दर आठवड्याला, बाकीच्या वेळी पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने चालेल. वर्षही एक पुरत नाही, माशांची वीण वर्षागणिक इतकी बदलते की किमान दोन वर्षं तरी हवीत.

जाळ्याचा डोळा किती बारीक हा पण मोठा मुद्दा आहे. ५०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचं आणि ३३५ मायक्रॉनचं असं दोन्ही वापरतात, जाड डोळ्यातून बारीक अंडी आणि नुकते निघालेले सडपातळ जिरे पिळवटून निघून जातात आणि आकडा कमी येतो, बारीक डोळ्याचं जाळं गाळाने लवकर तुंबतं आणि मग पाणी जाळ्यात न जाता बाजूने जायला लागतं. म्हणून जाळ्याच्या तोंडाशी पाणी मोजणारं मीटर लागतंच, त्याशिवाय किती पाणी गाळलं ते कळणार नाही आणि वरचा सगळा गुणाकार हवेत जाईल. नमुना कुठून घ्यायचा यावरही मतं आहेत, पुढून घेतला तर जरा मोठे, पोहू शकणारे जिरे जाळं चुकवतात, कंडेन्सरनंतर घेतला तर नाजूक जिऱ्यांचे तुकडे झालेले असतात, ओळखता येत नाहीत. मला स्वतःला पुढून, म्हणजे पंपाच्या आधी घेतलेला नमुना जास्त पटतो.

मग नमुना फॉर्मॅलिनमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जिरा निवडायचा. कंटाळवाणं, डोळे दुखवणारं काम आहे आणि त्यात सुटतात, म्हणून साधारण दर दहातला एक नमुना दुसऱ्या माणसाकडून पुन्हा तपासून घ्यायची पद्धत आहे. बऱ्याच जातींची अंडी डोळ्यांनी वेगळी ओळखताच येत नाहीत, तिथे ‘ओळख पटली नाही’ असंच लिहावं. हल्ली डीएनए बारकोडिंगने, म्हणजे डीएनएवरून जात ओळखून, त्यातली बरीच सुटतात, पण त्यासाठी नमुना फॉर्मॅलिनऐवजी अल्कोहोलमध्ये ठेवावा लागतो, हे आधीच ठरवा.

प्रश्न : एक मादी लाखो अंडी घालते, त्यातली बहुतेक निसर्गातच मरतात. मग वीज केंद्रात काही कोटी अंडी गेली तर एवढा गाजावाजा कशाला?

प्रश्न रास्त आहे आणि यावर शास्त्रज्ञांनी पन्नास वर्षं डोकं लावलंय. त्यांनी काढलेला एक मार्ग म्हणजे अंड्यांचं रूपांतर प्रौढ माशांत करणं. समजा एक मादी आयुष्यभरात २ लाख अंडी घालते आणि माशांची संख्या टिकून आहे, तर त्या २ लाखांतले सरासरी दोनच मोठे होतायत, म्हणजे १ लाख अंड्यांमागे एक मासा. मग १० कोटी अंडी गेली म्हणजे १००० प्रौढ मासे गेले असं धरता येतं. पण त्याच जातीचे दोन-तीन आठवड्यांचे जिरे गेले तर हिशोब बदलतो, कारण ते सगळ्यात धोक्याचा काळ पार करून आलेत, त्यांच्यात हजारामागे एक वाचत असेल तर १००० प्रौढ मासे जायला फक्त १० लाख जिरे पुरतात. म्हणून अंडी आणि जिरे एकत्र मोजून ‘इतके कोटी जीव’ असा एकच आकडा देणं दोन्ही बाजूंनी फसवं आहे, विरोधकांना तो मोठा दिसतो म्हणून आवडतो आणि कंपनीला ‘नुसती अंडीच तर आहेत’ म्हणता येतं म्हणून.

पण या पद्धतीतही भोकं आहेत. कोणत्या वयात किती टक्के वाचतात हे फार थोड्या जातींबद्दल नीट माहीत असतं. आणि जी अंडी निसर्गात मरणारच होती ती वाया जाणार होती असं कुठे आहे, ती दुसऱ्या माशांच्या, कोळंबीच्या पोटात जाणार होती. हे गमावलेलं खाद्य मोजायची वेगळी पद्धत आहे, न झालेलं उत्पादन किती ते काढायचं.

तिसरी पद्धत मला सगळ्यात जास्त पटते. तिच्यात असं विचारायचं की आसपासच्या पाण्यात त्या जातीचे जेवढे जिरे आहेत त्यातला किती हिस्सा हे केंद्र ओढतंय? म्हणजे इनटेकवर नमुना आणि बाहेरच्या पाण्यातही त्याच वेळी नमुना. दिवसाला १ टक्का जिरे जात असतील तर ऐकायला किरकोळ वाटतं, पण जिरा जर ३० दिवस त्या पाण्यात तरंगत राहणार असेल तर रोज ९९ टक्के वाचत वाचत ३० दिवसांनी ७४ टक्के उरतात, म्हणजे २६ टक्के गेले. चौथा हिस्सा! कॅलिफोर्नियात किनाऱ्यावरच्या केंद्रांसाठी ही पद्धत बरीच वापरली गेली. तिला जातीचं पुढचं सगळं आयुष्य माहीत असण्याची गरज नाही हा मोठा फायदा, तोटा असा की ‘आसपासचं पाणी’ कुठपर्यंत धरायचं यावर आकडा बदलतो, ते क्षेत्र मोठं धरलं की टक्केवारी लगेच लहान होते. अहवाल वाचताना तो नकाशा आधी बघा.

प्रश्न : आधुनिक स्क्रीनवर मासे जिवंत पकडून परत नदीत सोडतात असं वाचलं. मग ते नुकसानीत का धरायचे?

तेव्हा जिवंत होते म्हणून. अशा स्क्रीनवर प्रत्येक जाळीला पाणी भरलेली पन्हळ असते, मासा तिच्यात राहतो, आधी हलक्या फवाऱ्याने त्याला वेगळ्या नळीत ढकलतात आणि मग जोरदार फवाऱ्याने कचरा धुतात. पद्धत खरंच चांगली आहे. पण खवले निघालेला मासा तासाभरात नाही, दोन दिवसांनी मरतो. म्हणून परतीच्या नळीतून आलेले मासे टाकीत ठेवून बघावं लागतं, अमेरिकेच्या २०१४ च्या नियमात हा काळ १८ ते ९६ तास दिलाय. आणि टाकीत ठेवल्यानेही काही मरतात, त्यामुळे जाळीवर न अडकलेले तेवढेच मासे शेजारच्या टाकीत ठेवून तुलना करायची, ही दुसरी टाकी नसेल तर निष्कर्ष काढू नका. मांदेलीच्या कुळातले वगैरे नाजूक मासे कितीही सांभाळलं तरी टिकत नाहीत, त्या नियमात ज्यांचं वाचण्याचं प्रमाण ३० टक्क्यांखाली आहे त्यांना वेगळंच काढलंय. परतीची नळी कुठे सुटते ते पण पाहा, इनटेकच्या जवळच सुटत असेल तर तेच मासे पुन्हा येतात आणि दोनदा मोजले जातात.

प्रश्न : आम्ही मच्छीमार कुटुंबातले. मोजणारी माणसं कंपनीची, आकडे कंपनीचे, मग आम्ही विश्वास का ठेवायचा?

नुसता ठेवू नका, मागून घ्या. दुसरीकडे काय झालं ते सांगते, त्यातून काय मागायचं ते कळेल.

अमेरिकेत १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यातच एक कलम आहे, ३१६(ब), की कूलिंगच्या पाण्याच्या इनटेकची जागा, रचना, क्षमता अशी हवी की पर्यावरणाचं नुकसान उपलब्ध उत्तम तंत्राने कमीत कमी होईल. न्यूयॉर्कजवळ हडसन नदीवर इंडियन पॉइंट आणि आणखी केंद्रं होती, तिथे स्ट्राइप्ड बास माशाच्या जिऱ्यांवरून १९७० च्या दशकात मोठी कायदेशीर लढाई झाली, दोन्ही बाजूंचे शास्त्रज्ञ आपापली मॉडेलं घेऊन उभे आणि कुणाचंच दुसऱ्याला पटेना. शेवटी डिसेंबर १९८० मध्ये समझोता झाला, कंपन्यांनी कूलिंग टॉवर बांधायचे नाहीत पण विणीच्या काळात पाणी कमी ओढायचं, स्टॉर्म किंग डोंगरावरचा पंप-साठवण प्रकल्प (पाणी वर चढवून ठेवून हवं तेव्हा वीज बनवणारा) सोडायचा, आणि नदीच्या संशोधनासाठी १.२ कोटी डॉलरचा निधी एका स्वतंत्र संस्थेकडे द्यायचा, तीच हडसन रिव्हर फाउंडेशन. माशांची मोजणी पुढे अनेक वर्षं चालू राहिली. इंडियन पॉइंट २०२१ मध्ये बंद झालं.

दुसरं उदाहरण ब्रिटनमधल्या हिंकली पॉइंटच्या अणुकेंद्रांचं, सेव्हर्न नदीच्या मुखापाशी. तिथल्या बी केंद्राच्या जाळ्यांवरचे मासे १९८१ च्या सुमारापासून दर महिन्याला, त्याच पद्धतीने, भरती-ओहोटीचा तोच टप्पा धरून मोजले गेले. पद्धत एकदा ठरवली आणि दशकानुदशकं बदलली नाही, त्यामुळे नुकसान मोजायच्या पलीकडे जाऊन तो त्या खाडीतल्या माशांचा इतिहासच झाला, कोणत्या जाती वाढल्या, कोणत्या घटल्या हे त्यातून दिसतं. केंद्राची वीजनिर्मिती २०२२ मध्ये थांबली. शेजारच्या नव्या सी केंद्राला २०१३ च्या परवानगीत मासे पळवणारी आवाजाची यंत्रणा बसवायची अट होती, कंपनीने पुढे ती काढून टाकायची मागणी केली आणि त्यावर वर्षानुवर्षं वाद झाला, आणि त्या वादात दोन्ही बाजू याच जाळीवरच्या आकड्यांवर बोट ठेवून बोलत होत्या.

तुम्ही मागायचं ते असं. मोजणीची पद्धत काम सुरू व्हायच्या आधी छापील द्यावी. कच्च्या नोंदी, म्हणजे प्रत्येक तारखेच्या, पंपांच्या तासांसह, मिळाव्यात, नुसती वार्षिक सरासरी नको. मोजणीच्या काही दिवशी तुमचा माणूस किंवा जवळच्या कॉलेजातला मत्स्यशास्त्राचा शिक्षक हजर राहावा. आणि नमुने फेकून न देता जपून ठेवावेत, म्हणजे शंका आली तर दुसरीकडे पुन्हा तपासता येतील. कोणत्या जाती आणि कोणत्या महिन्यात वीण हे तुम्हाला कुठल्याही सल्लागारापेक्षा जास्त माहीत असतं, तेव्हा तारखा ठरवताना तुम्हाला विचारलंच पाहिजे, हा तुमचा आग्रह असू द्या.

प्रश्न : कॅमेरा, सोनार, पाण्यातला डीएनए, एवढं सगळं आलंय, मग टोपल्या कशाला मोजायच्या?

सोनारने, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्यातलं टिपणाऱ्या यंत्राने, गढूळ पाण्यातही रात्री जाळीपुढे मासे कसे वागतात ते दिसतं, आवाजाच्या यंत्रणेला घाबरून वळतात का हे त्यानेच कळेल. पण जात बहुतेक वेळा कळत नाही. डीएनएने जाती कळतात, संख्या नाही, मेला का जिवंत होता तेही नाही. टोपली राहणारच.

प्रश्न : मोजून झालं, आकडा वाईट आला, पुढे काय? आणि जेलीफिशने केंद्रं बंद पडतात ते यातच येतं का?

जेलीफिश आधी. हो, जाळी तीच. स्वीडनमधलं ओस्करशामन २०१३ मध्ये आणि फ्रान्समधलं ग्राव्हलिन ऑगस्ट २०२५ मध्ये जेलीफिशच्या लोंढ्याने थांबवावं लागलं होतं. अशा वेळी माणसं धावपळीत असतात आणि माशांची नोंद हटकून राहते, पण त्या तासांत जाळीवर मासेही भरपूर मरतात, म्हणून निदान फोटो, वेळ आणि टोपल्यांची संख्या तरी लिहून ठेवा.

आकडा वाईट आला तर काय करायचं ते कोणता आकडा वाईट आहे यावर आहे. जाळीवरचे मासे जास्त असतील तर जाळीपाशी पाण्याचा वेग कमी करा, अमेरिकन नियमात सेकंदाला अर्धा फूट, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर हा वेग धरलाय, एवढ्या ओढीतून बरेच मासे पोहून सुटतात. इनटेकचं तोंड समुद्रात दूर आणि वरच्या बाजूला उघडणारं असेल तर त्यावर टोपी बसवतात, मग ओढ आडवी होते, आणि आडवी ओढ माशाला जाणवते, वरून खाली जाणारी जाणवत नाही. पण या दोन्हींनी अंडी-जिरे वाचत नाहीत, ते पोहतच नाहीत, पाण्याबरोबर जातात. त्यांच्यासाठी एक-दोन मिलिमीटर फटीची वेजवायर (पाचरीच्या आकाराच्या तारांची) जाळी काही प्रमाणात चालते, विणीच्या महिन्यांत दुरुस्तीचा शटडाऊन घेता येतो, पंपांचा वेग कमी करता येतो, आणि सगळ्यात परिणामकारक म्हणजे कूलिंग टॉवर लावून तेच पाणी फिरवणं, त्याने ओढायचं पाणी साधारण ९५ टक्क्यांनी कमी होतं. कॅलिफोर्नियाने २०१० च्या धोरणात किनाऱ्यावरच्या केंद्रांना किमान ९३ टक्के कपातीचं लक्ष्य दिलं ते यावरूनच. टॉवर महाग पडतो, थोडी वीज खातो, पाण्याची वाफ जास्त होते, हे सगळं खरं आहे आणि ते तराजूत घालायलाच हवं.

उपाय केल्यावर मोजणी बंद करू नका ही मात्र कळकळीची विनंती. नवी जाळी बसवली की खूप ठिकाणी ‘प्रश्न सुटला’ म्हणून वही बंद होते. आधी दोन वर्षं ज्या तारखांना, ज्या पद्धतीने, ज्या डोळ्याच्या जाळ्याने मोजलं तसंच नंतरची दोन वर्षं मोजा, शक्य असेल तर जुनी एक स्क्रीन आणि नवी एक स्क्रीन शेजारी-शेजारी चालवून एकाच दिवशी मोजा, म्हणजे मासे त्या वर्षीच कमी होते का जाळीने वाचले हे वेगळं काढता येईल. पंप हाऊसवाल्या वाचकांना हे करायचं असेल तर वहीचा नमुना तक्ता पुढच्या अंकात देते, त्यात पंपांच्या तासांचा कॉलम पहिला असेल.